नकाशा कोणाचा, बांधणी कोणाची? गावात घराचा ठेका देण्याआधी जबाबदारी अशी वाटून घ्या

दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की विदर्भातल्या गावांत पाये खोदायला सुरुवात होते. ठेक्याची बोलणी बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतात: चौरस फुटाला काय भाव? त्यावर घासाघीस होते, शेजारच्या घरांचे दाखले निघतात, मिस्त्रीच्या हातावर उचल ठेवली जाते आणि काम लागतं. पाया किती खोल जायचा, कॉलममध्ये सळाख कोणती आणि किती, हे ठरवणार कोण आणि चुकलं तर भरून देणार कोण, याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

मग दोन पावसाळे जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरपी फाटते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, पाया चार फुटांवर तुमीच थांबवाले लावला, जेसीबीचं भाडं वाढते म्हणून." इंजिनिअर म्हणतो, "माझ्या ड्रॉइंगमध्ये सहा फूट होते, पण खोदाई पाहायला मला बोलावलंच नाही." घरमालक म्हणतो, "मले काय समजते त्यातलं?" तिघांचंही म्हणणं खरं असू शकतं, आणि म्हणूनच नुकसान मालकाच्या गळ्यात पडतं.

ही वेळ येऊ नये म्हणून ठेका देण्याआधी काय ठरवायचं, कोणत्या क्रमाने ठरवायचं आणि कागदावर कसं लिहायचं, ते पुढे सांगतो. उदाहरणासाठी दर्यापूर किंवा अकोटकडचं एक घर डोळ्यांसमोर ठेवू: ९०० चौरस फूट, तळमजला, आणि पोराच्या लग्नानंतर वर एक मजला चढवायचा विचार. त्या भागात भारी काळी माती आणि खारं पाणी दोन्ही आहेत, त्यामुळे जबाबदारीचे सगळे पेच एकाच घरात सापडतात.

आधी कामं वेगळी करा

घर बांधण्यात चार निरनिराळी कामं असतात. पहिलं, ठरवणं: खोल्या कुठे, पाया कोणता, स्लॅब किती जाड, लोहा किती. दुसरं, बांधणं. तिसरं, माल पुरवणं. चौथं, देखरेख, म्हणजे जे ठरलं तेच बांधलं जातंय का हे पाहणं.

शहरातल्या मोठ्या कामात या चारही कामांना नावानिशी माणूस असतो. गावात दुसऱ्या कामाला मिस्त्री असतो, तिसरं मालकाकडे असतं, आणि पहिलं नि चौथं कोणाकडेच नसतं. प्रत्यक्षात ते मिस्त्रीच करतो, पण त्याने ते स्वीकारलेलं नसतं आणि त्याचे पैसेही घेतलेले नसतात. "काही होत नाही भाऊ, आमी असेच शंभर घरं बांधले" हे वाक्य म्हणजे त्याने दिलेलं डिझाइन असतं. त्यावर ना सही, ना आकडा.

मिस्त्रीला कमी लेखण्यासाठी हे म्हणत नाही. ओळंबा, पातळी, विटांचा सांधा, छपाई (प्लास्टर) यांत आपल्याकडचे गवंडी तरबेज आहेत. पण साडेतीन मीटरच्या खोलीवर आणि साडेपाच मीटरच्या हॉलवर एकच स्लॅब, एकच सळाख चालत नाही, आणि किती बदलायची हे अनुभवाने नव्हे, हिशेबाने निघतं.

ठरवणाऱ्याची आणि बांधणाऱ्याची जबाबदारी मोजायची पट्टीही वेगळी आहे. डिझाइन करणाऱ्याकडून अपेक्षा असते ती त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाइतकी काळजी घेण्याची. डॉक्टर नीट उपचार करायला बांधील असतो, बरं होण्याची हमी देत नाही, तसंच हे. बांधणाऱ्याकडून अपेक्षा असते ती ड्रॉइंगप्रमाणे, चांगल्या मालाने, नीट हाताने काम करण्याची. ड्रॉइंगच चुकलेलं असेल तर तो सहसा सुटतो. दोन्ही कामं एकाच माणसाने घेतली तर मात्र "इमारत ठरलेल्या वापराला योग्य असेल" अशी थेट हमी त्याच्याकडून लिहून घेता येते. परदेशी कंपन्यांच्या मोठ्या कामांत वापरले जाणारे फिडिक संस्थेचे नमुना करार याच भेदावर उभे आहेत: लाल पुस्तकात डिझाइन मालकाचं, पिवळ्यात ठेकेदाराचं.

ठेक्याचे प्रकार आणि त्यात कोण अडकतो

*मजुरी ठेका.* गावात सगळ्यात जास्त हाच चालतो. माल मालकाचा, हात मिस्त्रीचे. स्वस्त पडतो, कारण सिमेंट-लोहा आपण भाव पाहून घेतो. एका स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरी ठेक्याला जीएसटीही माफ आहे. पण मालाचा दर्जा, मालाची वेळ आणि डिझाइन, तिन्ही मालकाच्या डोक्यावर राहतात. त्यातही अनेक जण गवंडी वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, लोहा बांधणारा वेगळा असे तीन ठेके देतात. मग मालकच मुख्य ठेकेदार होतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. सळाख खाली बसून कव्हर, म्हणजे सळाखेला झाकणारा काँक्रीटचा थर, गेलं, तर लोहेवाला म्हणणार प्लेटा वाकड्या होत्या, सेंट्रिंगवाला म्हणणार काँक्रीट टाकणाऱ्यांनी तुडवली. माझं मत स्पष्ट आहे: मजुरी ठेका द्यायचा तर एकाच मिस्त्रीला द्या, बाकीच्या टोळ्या त्याने आणाव्यात आणि त्यांच्या कामाला त्याने उत्तर द्यावं.

*मालासह ठेका.* डिझाइन मालकाने नेमलेल्या इंजिनिअरचं, माल आणि बांधणी ठेकेदाराची. माझ्या मते कर्ज काढून घर बांधणाऱ्यासाठी हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण ठरवणारा आणि बांधणारा वेगळे असल्याने एकाची नजर दुसऱ्यावर राहते. अट एकच: इंजिनिअरला देखरेखीचे पैसे द्यावे लागतात. भावात जीएसटी धरला आहे की नाही, हेही लिहून घ्या. नोंदणी असलेला ठेकेदार शेवटच्या बिलात १८ टक्के लावतो आणि मग तोंड कडू होतं.

*चावी हातात.* नकाशापासून रंगापर्यंत एकच माणूस. समृद्धी महामार्ग याच तत्त्वावर झाला. तिथे सविस्तर डिझाइन आणि बांधणी ठेकेदार कंपन्यांकडेच होती. फायदा असा की बोट दाखवायला दुसरा कोणी उरत नाही. तोटा असा की लोहा वाचवला तर तो वाचवणाऱ्याच्याच खिशात जातो आणि डिझाइनही त्याचंच असतं. महामार्गावर ते तपासायला स्वतंत्र अभियंते असतात. गावच्या घरावर असा तिसरा माणूस नसेल तर या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

*घरकुल.* प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचं असतं. शासनाने ठेकेदार नेमून बांधून द्यायचं नाही, हा त्या योजनेचा नियमच आहे. हप्ते टप्प्याटप्प्याने, जिओ-टॅग फोटोवर मिळतात. म्हणून घरकुलाचा मिस्त्री ठरवताना त्याचे हप्ते योजनेच्या टप्प्यांशी जुळवा. "हप्ता आला की देईन" एवढ्यावर ठेवलं की काम जोत्यावर थांबतं आणि मिस्त्री दुसऱ्या गावी निघून जातो.

शाळाखोली, अंगणवाडी, ग्रामपंचायत भवन यांचा मामला निराळा. तिथे अंदाजपत्रक आणि डिझाइन शासनाचं, ठेकेदार फक्त बांधतो. सार्वजनिक बांधकामच्या भाषेत बी-१ म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा टक्केवारीने कमी-जास्त भाव, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर, आणि सी म्हणजे एकठोक रक्कम. ग्रामपंचायत सदस्यांनी कार्यारंभ आदेशासोबत दोष दायित्वाचा कालावधी किती हे पाहून ठेवावं. त्या काळात गळती-तडा निघाला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते, आणि त्यासाठी पत्र मुदतीच्या आत जावं लागतं.

पायरी १: माती आणि पाणी. हे मालकाचंच काम

ठेक्याचा कोणताही प्रकार निवडा, जमीन तुमची आहे. जमिनीत काय आहे हे शोधून डिझाइनरच्या हाती देणं तुमच्याकडे येतं. इथे वाचवलेले दोन-चार हजार पुढे सगळ्यात महाग पडतात.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या कडेची माती आधी भिजते नि आधी सुकते, मधली दबून कोरडी राहते; म्हणून घर सरसकट न हलता कोपऱ्यांत हलतं आणि तडे तिरपे जातात. माती किती फुगणारी आहे हे मोजायची चाचणी साधी आहे: चाळलेली १० ग्रॅम माती एका मापात पाण्यात, तेवढीच दुसऱ्या मापात रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात आणि आकारमानातला फरक टक्क्यांत काढतात. ५० च्या खाली आला तर त्रास कमी, १०० च्या वर गेला तर पाया विचार करूनच घ्यावा लागतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा जवळचं शासकीय तंत्रनिकेतन इथे अशा चाचण्यांची चौकशी करा. घराच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो, तेही लिहून ठेवा. मुरूम पाच-सहा फुटांवर लागला तर साधे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे रुंद काँक्रीटचे पाये, त्यावर बसवता येतात. काळी माती खोलच जात असेल तर खाली फुगा असलेल्या पाइल्स, ज्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात आणि वर बीमने जोडतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी रुजवली. कोणती घ्यायची हे इंजिनिअरने ठरवावं आणि सही करून द्यावं.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरचं पाणी काँक्रीटला वापरलं तर क्षारातलं क्लोराइड सळाखेला आतून गंज चढवतं. काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोहा असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोहा नसलेल्या काँक्रीटला २००० पर्यंत चालतं. गंमत अशी की पिण्याच्या पाण्याच्या मानकात, दुसरा स्रोत नसेल तर, १००० पर्यंत सूट आहे. म्हणजे "आमी हेच पेतो ना जी" हा दाखला स्लॅबला लागू पडत नाही.

पाण्याची जबाबदारी करारात अशी लिहा: "पाण्याचा तपासणी अहवाल मालक देईल. अहवालात क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघाल्यास मालक टँकरने गोडं पाणी पुरवील. ठेकेदार अहवाल नसलेलं पाणी आरसीसी कामात आणि त्यावर मारण्यासाठी वापरणार नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यामुळे चुकीचं पाणी दिसलं तर थांबायची जबाबदारी ठेकेदारावरही येते.

पायरी २: मंजुरीचा नकाशा म्हणजे बांधकामाचं ड्रॉइंग नव्हे

तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन हजारांत "नकाशा" मिळतो. तो ग्रामपंचायतीच्या परवानगीसाठी किंवा बँकेच्या फाइलसाठी असतो. त्यात खोल्या, दरवाजे, हद्द, क्षेत्रफळ एवढंच असतं. सळाखेचा एक आकडाही नसतो. हा कागद मिस्त्रीच्या हाती देऊन आपण डिझाइन दिलं असं समजणारे खूप आहेत. भांडण लागलं की इंजिनिअर बरोबरच म्हणतो: मी परवानगीचा नकाशा दिला, आरसीसीचे पैसेही घेतले नाहीत.

बांधायला लागतं ते असं: फुटिंगचा तपशील खोलीसकट, कॉलमची जागा आणि लोहा, जोत्याच्या पट्टीचा बीम, स्लॅब-बीमचा तक्ता, जिना, आणि पाण्याची टाकी छतावर कुठे बसणार. टाकी हमखास विसरली जाते. १००० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन होतं आणि ती कुठल्यातरी एका कोपऱ्यात बसते. प्रत्येक पानावर इंजिनिअरचं नाव, सही, तारीख हवी. काँक्रीटची प्रत लिहिलेली हवी, आरसीसीला किमान एम-२०. आणि एक ओळ स्पष्ट हवी: "हे डिझाइन तळमजला अधिक एक मजला यासाठी आहे." ती नसेल तर दहा वर्षांनी वरचा मजला चढवताना कोणीही जबाबदारी घेणार नाही.

आर्किटेक्ट हे बिरुद १९७२ च्या कायद्याखाली वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. पाटीवर तसं लिहिलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आर्किटेक्ट खोल्या मांडतो, लोह्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. दोघं वेगळे असतील तर कोणाच्या कागदावर मिस्त्रीने चालायचं, तेही विचारून घ्या.

पायरी ३: वाटणी लिहा

आता बसायचं: मालक, इंजिनिअर, मिस्त्री, तिघांनी एकत्र. एकेक बाब घ्यायची आणि तिच्यापुढे एकच नाव लिहायचं. "दोघं मिळून" असं लिहू नका. दोघं मिळून म्हणजे वेळ आल्यावर कोणीच नाही. आपल्या उदाहरणातल्या घरासाठी, मजुरी ठेका आणि वेगळा इंजिनिअर असं धरून, मी असं लिहीन:

- पायाची खोली आणि प्रकार: इंजिनिअर. खोदाई झाल्यावर तळ पाहून लेखी होकार दिल्याशिवाय काँक्रीट नाही.
- आखणी, काटकोन, जोत्याची पातळी: मिस्त्री.
- सिमेंट, लोहा, विटा, रेती, गिट्टी: मालक. माल आल्यावर पाहून नाकारायचा असेल तर त्याच दिवशी: मिस्त्री.
- मिश्रणाचं माप आणि पाण्याचं प्रमाण: मिस्त्री, इंजिनिअरने लिहून दिल्याप्रमाणे.
- सेंट्रिंगचा मजबूतपणा आणि ते कधी काढायचं: मिस्त्री, काढण्याआधी इंजिनिअरचा होकार.
- पाणी मारणं: मालक.

शेवटच्या ओळीवर थोडं थांबतो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं मिस्त्रीकडे ठेवलं तर ते होत नाही, कारण तो दुसऱ्या साइटवर असतो. घरचं माणूसच ते करतं, तर जबाबदारीही घरच्याच नावावर लिहा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. आपल्याकडे दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट राखमिश्रित असतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे झुकतो, म्हणून १० च्या खाली येऊच नका. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी तुंबवलं तर दिवसातून चार वेळा धावावं लागत नाही.

मालाबद्दलची ती "त्याच दिवशी" अटही महत्त्वाची आहे. मालकाने आणलेली रेती मातीची निघाली, मिस्त्रीने ती मुकाट्याने वापरली आणि छपाई फुटली, तर दोष कोणाचा? जाणत्या कारागिराने दिसणारा दोष सांगायला हवा, हे लिहून ठेवलेलं बरं. रेतीघाटांचे लिलाव अडकले की क्रशरची चुरी येते. तिच्यात धूळ किती चालेल, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबला वापरू नका.

पायरी ४: भाव कशावर

चौरस फूट म्हणजे कोणता? जोत्याचं क्षेत्र, की स्लॅबचं, छज्जे धरून? बाहेर आलेला छज्जा, जिना, संडास-बाथरूम, वरची पॅरापेट, टाकीचा चबुतरा, कंपाउंड, सेप्टिक टाकी. यांतलं भावात काय आहे, काय नाही, नाव घेऊन लिहा. पायाची खोली ठरलेल्यापेक्षा वाढली तर जादा खोदाई-भराईचा दर आत्ताच ठरवा. काळ्या मातीत हे होतंच. आधी दर ठरलेला असला की "इथेच थांबा" म्हणायचा मोह कमी होतो.

पायरी ५: हप्ते टप्प्यावर, तारखेवर नव्हे

मजुरीचा ठेका ३ लाखांचा आहे असं धरू. करारावर ५ टक्के म्हणजे १५ हजार उचल. पाया आणि जोतं पूर्ण झाल्यावर २० टक्के, लेंटलपर्यंत १५, स्लॅब पडल्यावर २५, बल्ल्या निघून आतली-बाहेरची छपाई झाल्यावर २०, फरशी-रंग-साफसफाई झाल्यावर १०. उरलेले ५ टक्के, इथे १५ हजार, एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत मालकाकडे. मिस्त्री कुरकुर करतो. मग त्याला सांगा की पहिली उचल नि शेवटची राखीव रक्कम सारखीच आहे, दोघांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास बरोबरीचा.

मुदत लिहिताना गावाचं पंचांग पाहा. मेळघाटातले कोरकू मजूर होळीला गावी जातातच, कितीही दंड लिहिला तरी. वेचणी, हरभऱ्याची सोंगणी, लग्नसराई यांत टोळी तुटते. हे दिवस मुदतीतून वगळा आणि मृगाआधी स्लॅब, असा एकच ठाम टप्पा ठेवा. उशिराचा दंड लिहायचाच तर वाजवी लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, न्यायालय वाजवी तेवढंच देतं.

पायरी ६: बदल झाला की कागद

बहुतेक घरांचं डिझाइन इंजिनिअरच्या टेबलावर बिघडत नाही, साइटवर बिघडतं. वहिनी म्हणतात देवघर इकडे हवं. भाऊजी म्हणतात हॉलमधला कॉलम मध्येच येतो, काढा. मिस्त्री "पाहून घेऊ" म्हणतो आणि कॉलम दोन फूट सरकतो. त्या क्षणी इंजिनिअरची जबाबदारी सुटली, मिस्त्रीने घेतली नाही, आणि मालकाला पत्ताही नाही.

म्हणून करारात लिहा: कॉलम, बीम, स्लॅब, पाया यांतला कोणताही बदल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय होणार नाही, मालकाने सांगितलं तरीही. व्हॉट्सअॅपवर तिघांचा एक ग्रुप करा. ड्रॉइंगचा फोटो, त्यावर लाल पेनने बदल, इंजिनिअरचं "मान्य", आणि लगेच पुढच्या मेसेजमध्ये जादा खर्च. भिंतीची जागा, खिडकीची उंची, फरशीचा रंग असले बदल मालक-मिस्त्रीने आपसात करावेत, फक्त पैशाचा आकडा लिहून.

पायरी ७: झाकण्याआधी पाहा

काँक्रीट पडलं की आतलं दिसत नाही. इंजिनिअरच्या किमान चार भेटी ठरवा आणि प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे ठेवा: खोदाईचा तळ, जोत्याचा लोहा, स्लॅबचा लोहा काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आणि स्लॅबच्या दिवशी स्वतः. तो येईपर्यंत काम थांबवायचं, पण कळवल्यावर दोन दिवसांत तो आला नाही तर मिस्त्रीच्या रिकाम्या दिवसाची मजुरी कोण देणार, हेही ठरलेलं हवं.

मालकालाही काही गोष्टी पाहता येतात. सळाखेखाली कव्हर ब्लॉक आहेत का: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कॉलम-बीमच्या सळाखांना वेढणाऱ्या रिंगची टोकं आतल्या बाजूला १३५ अंशांत वळवलेली आहेत का; नुसती काटकोनात दुमडली असतील तर परत वाकवायला लावा. मिक्सरमध्ये पाणी डोळ्यांनी की मापाने? एम-२० ला सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पट ही कमाल, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेसत्तावीस लिटर, आणि रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. पातळ काँक्रीट सरसर पसरतं म्हणून मजुरांना आवडतं. ताकद तिथेच जाते.

आपल्या ९०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला बीम सोडून साधारण साडेदहा घनमीटर काँक्रीट लागतं. ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, म्हणजे सहा क्यूब (ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे), असं आयएस ४५६ सांगतं. साचे मिळवायची आणि २८ दिवसांनी तपासणीला न्यायची जबाबदारी इंजिनिअरकडे द्या. गावात क्यूब कोणी भरत नाही हे मला ठाऊक आहे; तरी भरा. पुढे वाद झाला तर काँक्रीट कसं होतं हे सांगणारा तेवढाच तटस्थ साक्षीदार असतो.

बल्ल्या काढायची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, त्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांआधी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांआधी निघत नाहीत. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत. राखमिश्रित सिमेंटला वाढवून घ्या. करारात दिवस लिहा, म्हणजे वाद मिस्त्री आणि सेंट्रिंगवाला यांच्यातच राहतो.

अपघाताबद्दलही एक ओळ हवी. टोळीतल्या मजुरांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आहे का, ते मिस्त्रीला विचारा आणि नसेल तर ९० दिवस कामाचा दाखला मिळवून ती करायला लावा. माचाण, दोर, विजेची वायर यांची सुरक्षितता मिस्त्रीकडे. विजेचं कनेक्शन अधिकृत असणं मालकाकडे. आकडा टाकून मिक्सर चालवला आणि कोणी चिकटलं, तर कुठलाही करार मालकाला वाचवणार नाही.

पायरी ८: ताबा घेतल्यानंतर

दोषाची जबाबदारी ताब्यासोबत संपत नाही, पण अमर्यादही नसते. गळती, छपाईचे पोपडे, फरशी वाजणं यांना एक वर्ष आणि एक पावसाळा. कॉलम-बीम-स्लॅबच्या दोषाला पाच वर्षं, असं मी लिहून घेईन. दोष कळवल्यापासून पंधरा दिवसांत मिस्त्रीने दुरुस्ती सुरू केली नाही तर राखीव रकमेतून दुसऱ्याकडून करून घ्यायचा अधिकार मालकाला.

मालकाकडेही कामं येतात, विशेषतः काळ्या मातीत. घराभोवती तीन-चार फुटांचा उताराचा कोबा करणं, छपरावरचं आणि मोरीचं पाणी पायापासून दूर नेणं, भिंतीला लागून निंब-पिंपळ वाढू न देणं. मोरीचं पाणी जोत्याशी मुरवलं आणि त्याच कोपऱ्याला तडा गेला, तर इंजिनिअर नि मिस्त्री दोघंही सुटतात. ही अट इंजिनिअरने ताब्याच्या दिवशी लिहून द्यावी, मालकाने सही करून घ्यावी.

वाद लागलाच तर

करार ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही. रक्कम मोठी असेल तर मुद्रांक किती लागतो हे दस्तलेखकाला विचारा. ड्रॉइंगची प्रत, वाटणीची यादी आणि हप्त्यांचा तक्ता त्यालाच जोडा, प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या. पैसे शक्यतो खात्यावर द्या; रोख दिले तर वहीत सही घ्या.

तडा दिसला की आधी तारीख टाकून फोटो काढा, तड्यावर पेन्सिलने टोकं खुणवा आणि महिन्याने पुन्हा पाहा. वाढतोय की थांबला, यावरून माती हलतेय की नुसती छपाई आकसली याचा अंदाज येतो. मग लेखी कळवा. डिझाइनबद्दल वाद असेल तर दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्या इंजिनिअरचं मत घ्यायचं, असं करारातच लिहिलेलं असेल तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. तेही जमलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. तोंडी ठेकाही कायद्याने ठेकाच असतो, पण तिथे पहिला प्रश्न विचारला जाईल तो हाच: पायाची खोली ठरवली कोणी? त्याचं उत्तर देणारा सहीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. त्याखाली पाण्याचा अहवाल, क्यूबचा निकाल आणि व्हॉट्सअॅपवरच्या बदलांच्या छापील प्रती.